रेघोटीमध्ये ‘छटा’ ही आज्ञा : प्रकल्प नोंदी, जून–जुलै २०२५

९ जून २०२५

रेघोटी हे आमच्या विभागात जावा या प्रोग्रामिंग भाषेत तयार झालेले छोटेसे रेखाटन-साधन आहे. मराठीत लिहिलेले सूत्र वाचून ते पडद्यावर आकृती काढते, आणि गेली दोन वर्षे अंबाजोगाईत बीएस्सीच्या तृतीय वर्षाची मुले त्यात आपापल्या परीने भर घालत आली आहेत. त्याचा पार्सर, म्हणजे लिहिलेले सूत्र वाचून त्याची रचना समजून घेणारा भाग, कोणतेही तयार साधन न वापरता हाताने लिहिलेला आहे : सर्वांत वर बेरीज-वजाबाकी, तिच्याखाली गुणाकार-भागाकार, त्याखाली घातांक, आणि तळाशी संख्या, नाव, कंस किंवा एखाद्या आज्ञेची हाक. प्रत्येक पातळीसाठी एक पद्धत, आणि प्रत्येक पद्धत आपल्या खालच्या पातळीला विचारूनच पुढे जाते. पहिल्यांदा पार्सर शिकणाऱ्याला यापेक्षा सोपी मांडणी दाखवता येत नाही, म्हणून तिला हात लावायचा नाही असे सुरुवातीलाच ठरवले आहे.

आजची मागणी भूगोलाच्या मॅडमची. पावसाळा सुरू झाला, महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातील गावांचा गट) पर्जन्याचे आकडे रोज येतात आणि विद्यार्थी ते वहीत उतरवतात. त्या आकड्यांवरून नकाशातील प्रत्येक मंडळ आपोआप रंगावे, कमी पाऊस तेथे फिका आणि जास्त तेथे गडद, असे त्यांना हवे आहे. सध्या रेघोटीत रंग ही स्वतंत्र आज्ञा आहे. ‘रंग(लाल)’ असे लिहिले की त्यापुढची सर्व आकृती लाल होते. सूत्राच्या आत रंगाला स्थान नाही, कारण सूत्राचे उत्तर नेहमी संख्याच असते असे पार्सरने गृहीत धरलेले आहे.

१० जून २०२५

दिवसभर एकाच प्रश्नावर चर्चा झाली : सूत्राचे उत्तर रंग असू शकते हे पार्सरला सांगायचे कसे?

एका विद्यार्थ्याने सुचवलेला मार्ग मोहात पाडणारा होता. रंग म्हणजे शेवटी तांबडा, हिरवा आणि निळा यांची ० ते २५५ मधली तीन मूल्ये; ती एका पूर्णांकात बसवता येतात, आणि बत्तीस बिटांचा कोणताही पूर्णांक जावाच्या डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात काहीही न गमावता मावतो, कारण डबलमध्ये नेमकेपणासाठी त्रेपन्न बिटे उपलब्ध असतात. म्हणजे जुना पार्सर जसाच्या तसा ठेवून संख्येच्या वेषात रंग फिरवता येईल. मी त्याला फळ्यावर एकच उदाहरण करून दाखवले. शुद्ध निळा रंग या पद्धतीने २५५ होतो. त्यात कोणी चुकून १ मिळवला, तर २५६ होतो. म्हणजे निळ्याचे सारे मूल्य शून्यावर येते, हातचा हिरव्याच्या घरात जातो, आणि गडद निळ्याच्या जागी जवळजवळ काळा रंग दिसतो. पार्सर याबद्दल चकार शब्द काढणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन संख्यांची बेरीज बरोबरच झाली आहे. चूक होणार असेल तर ती सूत्र वाचतानाच कळली पाहिजे, नकाशा छापून भिंतीवर लागल्यावर नव्हे.

म्हणून ‘मूल्य’ असा एक सील केलेला इंटरफेस, म्हणजे ज्याचे प्रकार आधीच ठरवून बंद केले आहेत असा साचा, केला आणि त्याचे दोनच प्रकार ठेवले : संख्या आणि रंग. दोन्ही रेकॉर्ड आहेत. गणिती क्रिया करणारी पद्धत आता आधी दोन्ही बाजू संख्या आहेत का ते पाहते, आणि नसतील तर ‘लाल या रंगात संख्या मिळवता येत नाही’ असे स्पष्ट सांगते. जावा २१ मधील स्विचला प्रकारांची ओळख असल्यामुळे एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपायलरच (प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून भाषांतरित करणारे साधन) अडवतो, ही मोठी सोय आहे. जुन्या एकोणचाळीस चाचण्यांपैकी अकरा संध्याकाळपर्यंत मोडलेल्या होत्या. त्या सगळ्या उत्तर थेट डबलमध्ये घेणाऱ्या होत्या, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

१२ जून २०२५

आज आज्ञेचे रूप ठरवले, आणि मला वाटले होते त्याहून हा भाग फार अधिक रंगला.

छटा म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग याची यादी. अशा प्रत्येक जोडीला आम्ही ‘थांबा’ म्हणू लागलो आहोत. एसटीच्या थांब्यासारखाच हा, कारण दोन थांब्यांच्या मधला प्रवास गाडीने स्वतः करायचा असतो. पहिला विचार असा होता की जोडी अपूर्णविरामाने लिहावी. पण रेघोटीत ‘अट ? हे : ते’ हे रूप आधीपासून आहे, आणि थांब्याच्या जागी कोणी असे अटीचे सूत्र लिहिले तर कोणता अपूर्णविराम अटीचा आणि कोणता थांब्याचा हे वाचणाऱ्या माणसालाही पटकन उमगणार नाही. बरोबरीचे चिन्ह नावाला मूल्य देण्यासाठी खर्ची पडले आहे. बाण कीबोर्डवर सापडत नाही.

तेव्हा एका विद्यार्थिनीने सहज विचारले, “सर, आपण बोलताना काय म्हणतो? शून्यावर पांढरा, पासष्टवर निळा. मग तसंच का नाही लिहायचं?” त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते, म्हणून तेच रूप घेतले :

छटा(पाऊस, ०वर पांढरा, ६५वर निळा)

मराठीत शब्दयोगी अव्यय मागून येते, आणि संख्या आधी वाचून मग पुढे ‘वर’ आहे का हे पाहणे पार्सरलाही सोयीचे जाते. रेघोटीत गुणाकाराचे चिन्ह गाळता येत नाही, ‘२क’ असे लिहिले तर ती आजवर चूकच मानली जात असे. त्यामुळे आकड्याला चिकटून अक्षर येण्याची जागा मोकळीच होती. ‘६५वर’ आणि ‘६५ वर’ ही दोन्ही रूपे लेक्सरला, म्हणजे सूत्राचे टोकन नावाचे सुटे तुकडे पाडणाऱ्या भागाला, सारखीच, कारण आकडा संपतो तेथे संख्येचे टोकन संपते आणि ‘व’पासून नावाचे टोकन सुरू होते. नावाच्या टोकनात काना-मात्रा-अनुस्वार धरले जावेत म्हणून कॅरॅक्टर वर्गातील ‘अक्षर आहे का’ ही तपासणी न वापरता ‘जावाच्या नावाचा भाग होऊ शकते का’ ही तपासणी वापरावी लागते, कारण पहिली तपासणी मात्रेला अक्षर मानत नाही आणि ‘रंग’ या शब्दाचे अनुस्वारापाशीच दोन तुकडे पाडते. ही ठेच दोन वर्षांपूर्वीच्या गटाला लागली होती, त्यामुळे आमच्या वाट्याला ती आली नाही.

‘वर’ हा शब्द सर्वत्र राखीव केलेला नाही. जुन्या प्रकल्पांत एका मुलाने पायऱ्या काढताना ‘वर’ आणि ‘खाली’ अशी चलांची नावे ठेवलेली आहेत, आणि ती सूत्रे मोडणे योग्य नव्हे. छटेच्या कंसात, थांब्याची संख्या वाचून झाल्यानंतर, फक्त त्या एका जागी पार्सर ‘वर’ची वाट पाहतो.

एक अडचण मात्र भाषेतच आहे. थांबा आकड्याऐवजी चलाने दिला, उदाहरणार्थ ‘मर्यादा’, तर मराठी माणूस ‘मर्यादा वर’ असे लिहीत नाही, तो ‘मर्यादेवर’ लिहितो. सामान्यरूपावरून मूळ शब्द शोधणारे व्याकरण रेघोटीत घालायचे नाही, या मतावर मी ठाम राहिलो. अनोळखी नाव ‘वर’ने संपत असेल तर ‘(मर्यादा)वर असे कंसात लिहा’ ही सूचना तेवढी दाखवायची.

१६ जून २०२५

साधी छटा चालू लागली आणि दहा मिनिटांत पडली.

भूगोलाच्या मॅडमनी भारतीय हवामान विभागाचे चोवीस तासांच्या पावसाचे वर्गीकरण दिले होते : २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. आम्ही ‘६५वर’ने चाचणी करत होतो तोवर सर्व ठीक होते. ‘६४.५वर’ लिहिताच संख्या वाचता न आल्याचा अपवाद, म्हणजे प्रोग्राम अडवणारी त्रुटी, आला. आधी संशय दशांशचिन्हानंतर येणाऱ्या ‘वर’वर गेला, आणि लेक्सरच्या त्या भागात अर्धी दुपार व्यर्थ गेली. शेवटी ‘वर’ काढून नुसते ६४.५ दिले, तरी तेच. मग इंग्रजी अंकांत तीच संख्या दिली, तर बिनतक्रार चालली.

कारण असे निघाले. दशांशचिन्ह नसेल तर जुना लेक्सर इंटिजर वर्गाची पार्स-इंट पद्धत वापरत होता, आणि असेल तर डबल वर्गाची पार्स-डबल. पार्स-इंट प्रत्येक चिन्हाचे मूल्य कॅरॅक्टर वर्गाला विचारते, त्यामुळे तिला देवनागरी अंक कळतात. पार्स-डबल फक्त इंग्रजी अंक ओळखते. दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीला मराठी येते आणि दुसरीला येत नाही, असा हा प्रकार आहे. आतापर्यंत तो उघड झाला नव्हता, कारण मुले आकृत्यांची मापे पूर्णांकातच देत असत.

उपाय दोन ओळींचा आहे : संख्येचे टोकन तयार करतानाच प्रत्येक अंक इंग्रजी अंकात बदलायचा आणि मग दोन्ही वेळा पार्स-डबलच वापरायची.

२० जून २०२५

आज एका चाचणी-धारिकेत विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने हे लिहिलेले आढळले :

छटा(पाऊस, पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत)

असे रूप आम्ही ठरवलेले नव्हते. तरी त्याचा अर्थ वाचताक्षणी कळतो : दोनच रंग, आणि टोके म्हणजे दिलेल्या आकड्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा. वर्गात पटकन नकाशा दाखवायला हे उपयोगी पडेल म्हणून मी ते ठेवले, आणि बारा तारखेच्या बैठकीत सामान्यरूपाविरुद्ध केलेले माझेच भाषण मागे घेतले. चलांची नावे अमर्याद असतात, पण रेघोटीतील रंगांची नावे दहाच आहेत. त्यांची रूपे हाताने तक्त्यात लिहिता येतात. पांढरा-पांढऱ्या, निळा-निळ्या, हिरवा-हिरव्या, पिवळा-पिवळ्या, काळा-काळ्या, जांभळा-जांभळ्या, करडा-करड्या. लाल, केशरी आणि गुलाबी बदलतच नाहीत. नावाच्या शेवटचे ‘पासून’ किंवा ‘पर्यंत’ काढायचे आणि उरलेला शब्द तक्त्यात पाहायचा, एवढेच काम.

माझ्या संगणकावर हे चालले. प्रयोगशाळेतील संगणकावर ‘पांढऱ्या हा रंग माहीत नाही’ असा संदेश आला. दोन्ही पडद्यांवर शब्द अगदी सारखा दिसत होता. तो विद्यार्थी दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर बोटाने ताडून पाहत होता आणि फरक सापडत नव्हता. मग शब्दाची लांबी छापून पाहिली : माझ्याकडे आठ चिन्हे, त्याच्याकडे नऊ. माझा कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि या पाठवतो. प्रयोगशाळेतील कीबोर्ड साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग या पाठवतो. जावाच्या दृष्टीने जोडचिन्ह नावात चालते, म्हणून लेक्सरने तक्रार केली नाही. पण तुलना करताना दोन शब्द भिन्न ठरले.

जावाचा नॉर्मलायझर, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करणारी सोय, हे प्रकरण मिटवील अशी माझी अपेक्षा होती. तो साधा र आणि वेगळा नुक्ता यांचा ऱ करून देतो, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. म्हणून लेक्सरच्या दारातच ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा क्रम आला की त्याच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचा असे केले. मराठीत ऱ्याशिवाय चालत नाही. दुसऱ्या, पांढऱ्या, तऱ्हा, वाऱ्याचा, बंधाऱ्याचा हे सगळे शब्द उद्या चलांच्या नावांत येणार आहेत, आणि त्या वेळी ही दुरुस्ती कोणाच्या लक्षातही येणार नाही.

याच संदर्भात चुकीच्या संदेशांतून ‘चौदाव्या अक्षराजवळ चूक’ ही भाषा काढून टाकली. जावा मोजते ती चिन्हे आणि मुले मोजतात ती अक्षरे, यांचा मेळ कधीच बसत नाही. ‘पांढऱ्या’ जावाला आठ, मुलांना तीन. आता संदेशात चुकलेला शब्दच अवतरणात येतो.

२४ जून २०२५

आज लाईट सकाळी अकरापर्यंत नव्हती. त्यानंतर रंगांच्या मिश्रणाचे काम पूर्ण केले, आणि ते पुन्हा करावे लागले.

दोन थांब्यांमध्ये आकडा किती वाट चालून आला आहे ते गुणोत्तर काढायचे आणि त्याच गुणोत्तराने तांबडा, हिरवा, निळा ही तिन्ही मूल्ये स्वतंत्रपणे मिसळायची, ही सर्वांत सरळ रीत. मी मात्र अधिक शास्त्रीय व्हायला गेलो. पडद्यावरचे २५५ पर्यंतचे आकडे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात नसतात. त्यामुळे आधी ते सरळ प्रकाशात बदलायचे, तेथे मिसळायचे आणि परत आणायचे ही रीत भौतिकदृष्ट्या अचूक आहे. तिच्यानुसार काळा व पांढरा यांचा मध्य १२८ न येता १८८ येतो. मंडळे रंगवणाऱ्या फंक्शनमध्ये मी हेच सूत्र घातले. नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीची पट्टी मात्र विद्यार्थिनीने जावाच्या लिनियर-ग्रेडियंट-पेंट या तयार वर्गाने काढली, आणि तो वर्ग वेगळे काही सांगितले नाही तर पडद्याचेच आकडे सरळ मिसळतो.

परिणाम असा झाला की पांढरा ते निळा या छटेत मधल्या आकड्याचे मंडळ फिकट आभाळी, आणि सूचीच्या पट्टीवर त्याच आकड्यापाशी चांगलाच निळा. चाचणीच्या नकाशावर ३२ मिलिमीटरचे मंडळ सूचीशी ताडून पाहिले, तर ते सतराच्या आसपास भरले. दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर होते आणि नकाशा खोटा बोलत होता.

यातून दोन निर्णय झाले. पहिला : सूचीची पट्टी तयार वर्गाने काढायची नाही, एकेक पिक्सेल रुंदीच्या उभ्या रेघांनी, मंडळे रंगवणाऱ्याच फंक्शनला विचारून काढायची. यापुढे मिश्रणाची रीत कितीही बदलली तरी नकाशा आणि सूची एकमेकांपासून फारकत घेऊ शकणार नाहीत. दुसरा : अचूक प्रकाशाची रीत मागे घेतली. डोळ्याला १२८ हा करडा साधारण मधला वाटतो, १८८ बराच फिका. आकडे दाखवण्यासाठी डोळ्याला समान अंतराने बदलणारी छटा हवी, आणि त्या कसोटीवर भौतिक अचूकतेपेक्षा साधी रीत सरस ठरते. अन्यथा अर्धा नकाशा पांढुरका राहतो आणि सारी निळाई शेवटच्या थोड्या आकड्यांत कोंबली जाते.

२७ जून २०२५

सकाळी प्रत्यक्ष आकड्यांवरचा पहिला नकाशा काढला. एक मंडळ इतके गडद निळे आले की मॅडम म्हणाल्या, तेथे ढगफुटी झाली असती तर रात्रीच फोन आले असते. धारिकेत पाहिले तर त्या मंडळाच्या रकान्यात काहीच नव्हते. पर्जन्यमापकाची नोंदच आलेली नव्हती.

रिकामा रकाना आम्ही जावाच्या ‘संख्या नाही’ या विशेष मूल्यात वाचतो. थांबा शोधणारी फेरी क्रमाने विचारत जाते : आकडा या थांब्यापेक्षा लहान आहे का? ‘संख्या नाही’ची कोणाशीही तुलना केली तर उत्तर नकारार्थीच येते, म्हणून ते प्रत्येक थांब्यावरून न उतरता पुढे गेले आणि शेवटच्या थांब्यावर, म्हणजे सर्वाधिक पावसाच्या रंगात, जाऊन बसले. ज्या गावाची माहिती नाही तेच सर्वांत भिजलेले दिसणे ही या प्रकल्पातील आतापर्यंतची सर्वांत वाईट चूक आहे, आणि ती माझ्या हातची आहे.

आता फेरीच्या आधीच हे मूल्य वेगळे काढले जाते आणि असे मंडळ तिरप्या करड्या रेघांनी भरले जाते. ‘पाऊस नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन गोष्टी नकाशावर कदापि एकसारख्या दिसता कामा नयेत. पहिल्या थांब्याच्या खालचे आणि शेवटच्या थांब्याच्या वरचे आकडे मात्र टोकाच्या रंगावरच थांबतात. त्यापुढे मिश्रण चालू ठेवले तर एखादे मूल्य २५५च्या पलीकडे जाऊन रंगाचा वर्गच अपवाद फेकतो.

२ जुलै २०२५

आज नकाशा प्रथमच बाहेरच्या माणसाने पाहिला. आमच्या एका विद्यार्थ्याचे काका कामासाठी गावात आले होते, ते प्रयोगशाळेत येऊन बसले. चाचणीसाठी आम्ही शेजारच्या दोन मंडळांना ६४ आणि ६६ असे आकडे दिलेले होते. काकांनी चष्मा सारखा केला, दोन्ही मंडळांवर बोट ठेवले आणि विचारले, “हे दोन्ही एकसारखंच दिसायलंय की. ह्यात अतिवृष्टी कुठं झाली, हे कळावं कसं?”

प्रश्न अगदी मर्मावर होता. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकांच्या पंचनाम्याची चर्चा तेथून सुरू होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ६४ आणि ६६ यांत दोन मिलिमीटरचे अंतर नसून बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे अंतर आहे. अखंड छटा नेमका तोच बांध पुसून टाकते. आम्ही तीन आठवडे मिश्रण गुळगुळीत करण्यात घालवले, आणि या कामासाठी गुळगुळीतपणा हाच दोष होता.

म्हणून ‘छटा’च्या जोडीला ‘पायरी’ ही आज्ञा घेतली. थांब्यांची मांडणी तीच, पार्सरची पद्धतही तीच. फक्त मिश्रण होत नाही, आकडा ज्या थांब्यावर पोहोचला त्याचा रंग पुढच्या थांब्यापर्यंत टिकतो :

पायरी(पाऊस, ०वर पांढरा, २.५वर पिवळा, १५.६वर हिरवा, ६५वर निळा, ११५.६वर जांभळा)

थांब्याचा आकडा स्वतः वरच्या पायरीत मोडतो. हवामान विभागाची मुसळधारेची सीमा ६४.५ आणि महसुलाची ६५ असल्यामुळे नकाशाच्या शीर्षकात कोणती सीमा घेतली हे लिहिणे बंधनकारक केले आहे. शीर्षक नसेल तर पायरीचा नकाशा छापलाच जात नाही. विद्यार्थ्यांना ही सक्ती जाचक वाटते. ती राहणार आहे.

छटेतच मध्ये एखादी कडक सीमा हवी असेल तर? त्यासाठी एकाच आकड्यावर दोन थांबे देण्याची मुभा ठेवली : ‘६५वर पिवळा, ६५वर निळा’. जावाच्या तयार वर्गात थांबे काटेकोरपणे चढत्या क्रमानेच लागतात आणि समान थांबे दिले तर तो अपवाद फेकतो. सूची स्वतः काढण्याचा निर्णय येथेही कामी आला. थांबे उतरत्या क्रमाने दिले तर मात्र आम्हीही चूकच दाखवतो. ते गुपचूप क्रमाने लावून घ्यावेत असे एकाचे मत होते. पण ‘६५’च्या जागी ‘५६’ लिहिणाऱ्याची चूक त्यात लपून जाईल.

७ जुलै २०२५

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचा, सरासरीपासूनच्या टक्केवारीचा नकाशा आज घेतला. हवामान विभागाच्या रीतीनुसार उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सरासरीइतका, उणे २० ते उणे ५९ म्हणजे तुटीचा, आणि त्याखाली मोठ्या तुटीचा. विद्यार्थ्यांनी तुटीला लाल आणि अधिकाला हिरवा घेतला. मध्ये काहीच दिले नाही. लाल आणि हिरवा यांच्या मध्यावर शेणासारखा मळकट रंग येतो, आणि सरासरीइतका पाऊस झालेले जिल्हे त्या रंगात रंगून निघाले. ‘०वर पांढरा’ हा थांबा मध्ये घातल्यावर ते निवळले.

छापील प्रत सूचनाफलकावर लागणार ती झेरॉक्सची, काळी-पांढरी. तिच्यावर लाल आणि हिरवा ओळखू येईनात. हिशेब करून पाहिला : उजळपणात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. त्या हिशेबाने आमचा पूर्ण लाल आणि आमचा १२८चा गडद हिरवा करड्यात उतरवले तर १२७ आणि ११०च्या आसपास येतात, म्हणजे झेरॉक्सवर एकच. गटातील एक मुलगा हे सारे ऐकून म्हणाला की त्याला रंगीत प्रतीवरही तो नकाशा असाच दिसत होता; सगळ्यांना तसाच दिसत असेल असे समजून तो गप्प बसला होता. चार आठवड्यांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

आता तुटीला केशरी आणि अधिकाला निळा. तरीही झेरॉक्सवर दोन टोकांपैकी कोणते टोक कोणते हे केवळ गडदपणावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक जिल्ह्यात टक्केवारीचा आकडा अधिक-उणे चिन्हासह छापतो. याशिवाय छटेतील दोन शेजारच्या थांब्यांचा उजळपणा फार जवळ असेल तर रेघोटी आता इशारा देते. तो इशाराच आहे, चूक नव्हे. पायरीच्या नकाशात पिवळा आणि पांढरा यांच्याबाबतही तो येतो आणि तेथे तो दुर्लक्षिता येतो.

११ जुलै २०२५

चाचण्या एकोणचाळीसच्या त्र्याऐंशी झाल्या, सर्व उत्तीर्ण. ‘ऱ्या’ची दोन्ही रूपे, देवनागरी दशांश, रिकामा रकाना, समान थांबे आणि एकच थांबा असलेली छटा यांच्यासाठी स्वतंत्र चाचण्या आहेत. एकच थांबा असेल तर गुणोत्तर काढताना शून्याने भागाकार होत होता. तेथे आता तोच रंग सरळ परत जातो.

१५ जुलै २०२५

भूगोल विभागाला प्रत दिली. मॅडमनी पहिल्याच दिवशी ‘मर्यादेवर’ असे लिहिले, कंसाची सूचना वाचली, आणि फोन करून सांगितले की सूचना कळली, पण मराठीच्या माणसाला कंस घालायला लावणे काही बरोबर नाही. चलांची सामान्यरूपे पार्सरला ओळखता यावीत का, हा विषय विद्यार्थिनीने पुढच्या सत्राच्या यादीत माझ्या नावासमोर लिहून ठेवला आहे. छटा चलात साठवून दोन नकाशांत वापरण्याची सोय राहिली आहे. त्यासाठी मूल्याचा तिसरा प्रकार लागेल, आणि तो जोडला की कंपायलर कोणकोणत्या जागी अडवतो याची यादी त्याच विद्यार्थ्याने करायची आहे ज्याने १० जूनला रंग संख्येत लपवण्याचे सुचवले होते.